फ्रेंचच्या दारी इंग्रजीचा द्वारपाल कशाला?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातील पोशेऱ्याच्या एखाद्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने उद्या फ्रेंच शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर त्याला उत्तर मिळेल, ‘आधी इंग्रजी पक्के कर!’ पुण्या-मुंबईच्या प्राथमिक वर्गांतही फ्रेंच व्याकरण बहुधा इंग्रजीतूनच उलगडून सांगितले जाते. एका परकीय भाषेच्या दारी दुसऱ्या परकीय भाषेचा हा द्वारपाल नेमला कोणी?

वास्तविक नवशिक्याला फ्रेंचमध्ये जे दुर्बोध वाटते, त्यातील बरेचसे इंग्रजीच्या चष्म्यामुळे. निर्जीव वस्तूंना लिंग असते, याचे नवल इंग्रजीला. ‘तो दगड, ती भिंत, ते घर’ म्हणत वाढलेल्या मुलाला नव्हे. फ्रेंचमध्ये तर लिंगे दोनच. विशेषण नामानुसार बदलते, हे ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्यास नवे नाही. ‘त्यु’ आणि ‘वू’ म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीच्या एकट्या ‘यू’तून तो भेद कसा उमगावा? ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा फरक फ्रेंच लेखनातही पाळला जातो. ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याला कर्म आधी आले की फ्रेंच भूतकाळी रूप त्या कर्माप्रमाणे का बदलते, हे चटकन कळेल.

उपपदे मात्र मराठीत नाहीत. ती नव्यानेच शिकावी लागतील. आपला चंद्र तिकडे स्त्रीलिंगी, हेही पाठ करावे लागेल. परंतु एवढ्यासाठी सारे व्याकरण इंग्रजीच्या हवाली का करावे?

या भागातील अनेक मुलांच्या घरी वारली वा कोकणा बोलली जाते. प्रमाण मराठी ती शाळेत शिकतात. म्हणजे दुसरी भाषा आत्मसात करण्याची कसोटी त्यांनी बालपणीच पार केलेली असते. त्यांनाच भाषेत कच्चे ठरवणे हा अन्याय होय.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण ग्रंथबद्ध केले. पुढे झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. फ्रेंच माणूस मराठीपर्यंत थेट येऊ शकतो; मग आपणच आडवाटेने का जावे?

आमचा विरोध इंग्रजीला नाही, तिच्या मक्तेदारीला आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचे सोहळे पुरे झाले. आता विद्यापीठांनी मराठीतून फ्रेंच शिकवणारी सुबोध व्याकरणे सिद्ध करावीत. जगाकडे जाणारी वाट पोशेऱ्याच्या शाळेतूनही निघाली पाहिजे!