वेष्टनावरील सत्य

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा भीषण स्फोट झाला. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठीही रचल्या होत्या. धोकादायक मालाची सूचना देणारे लाल निशाण जहाजावर फडकत नव्हते. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात. परंतु आत काय आहे, हे माल हाताळणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्या दुर्घटनेचा धडा समाजाने गिरविला आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर सर्वप्रथम नवी मुंबईने द्यावयाचे आहे. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत. कळंबोली-उरणच्या रस्त्यांवरून कंटेनरांची रीघ लागलेली असते. त्या पोलादी पेटीत तांदूळ आहे की आम्ल, हे बाहेरून कळत नाही. ते सांगते केवळ तिच्यावरील चिन्ह आणि सोबतचा कागद.

नियमांची उणीव नाही. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेने धोकादायक मालाचे नऊ वर्ग केले असून प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक दिला आहे. पिंप वा खोके किती भक्कम हवे, तेही ठरलेले आहे. अतिधोकादायक मालाचे भरलेले पिंप १.८ मीटर उंचीवरून आपटले तरी गळता कामा नये. मध्यम धोक्यासाठी ही उंची १.२ मीटर, तर कमी धोक्यासाठी ०.८ मीटर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मालाच्या धोक्याची पूर्ण माहिती देणे, ही माल पाठविणाऱ्याची जबाबदारी आहे. असा माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे.

मग अडते कोठे? अडते ते लोभापाशी. धोकादायक मालाला भाडे अधिक, कागदपत्रे अधिक, तपासणीही अधिक. म्हणून मालाला निरुपद्रवी नाव देऊन तो पाठविण्याचा मोह जगभरच्या व्यापारात आढळतो. यात वाचलेला पैसा पाठविणाऱ्याच्या खिशात जातो. जिवाचे मोल मात्र माथाडी, चालक आणि खलाशी मोजतात.

९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा-शेवाकडेच निघालेल्या ‘वान हाय ५०३’ या जहाजाला केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आग लागली. २२ पैकी १८ जणांची सुटका झाली, चौघे बेपत्ता झाले. आगीचे कारण काहीही असो, अशा वेळी बचावपथकाच्या हाती मालाची यादी हाच एकमेव नकाशा असतो. तीच खोटी असेल, तर पाणी मारावे की फेस, हेही समजणार नाही. कारण पाण्याने भडकणारी रसायनेही असतात.

लहान उद्योजकाची तक्रार असते, की हे नियम खर्चिक आणि किचकट आहेत. ती सर्वस्वी खोटी नाही. जाडजूड इंग्रजी संहिता तळोज्यातील पॅकिंग कामगाराने वाचावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे. उद्योजकांच्या संघटनांनी आणि शासनाने हे ज्ञान सोप्या मराठीत कारखान्याच्या दारापर्यंत नेले पाहिजे. मात्र अज्ञानाला शिक्षण द्यावे, लबाडीला दंडच हवा.

ही शिस्त घरातूनही सुरू होते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा बळी गेला. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत पॉवर बँक लपविणारा सुशिक्षित प्रवासी तरी वेगळे काय करतो? खोक्यावर लिहिलेला शब्द हा अनोळखी माणसाला दिलेले वचन असते. ज्याने ते खोके बांधले, त्यानेच ते पाळावयाचे आहे.