रांगेत सारे, खुर्चीवर कोण?
विशेष प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

उत्तनचा मच्छीमार, काशीमिऱ्याच्या पाड्यावरची आदिवासी स्त्री, नयानगरातील मुस्लिम गृहिणी आणि भाईंदरमधील गुजराती वा मारवाडी व्यापारी हे सारे एकाच महापालिकेचे नागरिक आहेत. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. मात्र दुखणे बळावले की गरिबाची वाट मुंबईतील केईएम, नायर वा शीव रुग्णालयाकडे वळते. ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली असल्याने रुग्ण तपासतानाच तेथे पुढचे डॉक्टरही घडत असतात. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत अवघा समाज उभा असतो. टेबलापलीकडे शिकवणाऱ्या अध्यापकांत तो कितपत दिसतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आरक्षणामुळे एमबीबीएसच्या वर्गात विविध समाजांतील विद्यार्थी आले. परंतु विद्यार्थी ते सहायक प्राध्यापक, पुढे सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक आणि अखेर विभागप्रमुख या चढणीवर वाट अरुंद होत जाते. त्याची काही कारणे कायद्यातच आहेत. राज्याचा २००१ चा आरक्षण कायदा जानेवारी २००४ मध्ये लागू झाला. त्यातून वैद्यकीय क्षेत्रातील अतिविशेषज्ञ पदे, ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका आणि संवर्गातील एकाकी पद वगळण्यात आले आहे. एकाकी पदाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात, एकच पद असलेल्या संवर्गात आरक्षण ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला होता. दिल्लीच्या 'एम्स'मधील अध्यापकांच्या खटल्यात २०१३ मध्ये अतिविशेषज्ञ पदांबाबतही न्यायालयाने तोच कल दाखविला.

हृदयशस्त्रक्रियेसारख्या शाखेत केवळ गुणवत्ताच पाहावी, या भूमिकेत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र वा जनवैद्यक या काही अतिविशेष शाखा नव्हेत. तेथे कळीचा मुद्दा पदे मोजायची कशी, हा ठरतो. विभाग हे एकक धरले तर प्राध्यापकाचे एकुलते एक पद आरक्षणाबाहेर जाते. अनेक महाविद्यालयांतील पदे एकत्र मोजली तर तेच पद बिंदुनामावलीत येते. केंद्रीय विद्यापीठांत हाच वाद पेटला होता. विभागनिहाय मोजणीने राखीव जागा घटतील, या भीतीने देशभर आंदोलने झाली आणि अखेर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने संपूर्ण संस्था हेच एकक मानले. मोजणीची पद्धत ही वरकरणी कारकुनी बाब. पण खुर्चीवर कोण बसणार, हे अनेकदा तीच ठरवते.

दुसरा अडथळा तात्पुरत्या नेमणुकांचा. शासकीय महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे मुदतीच्या आदेशांवर काम केले आणि कायम होण्यासाठी आंदोलनेही केली. ज्याच्या घरी आधीच दवाखाना आहे, तो अशी वाट पाहू शकतो. घरातील पहिलाच डॉक्टर असलेल्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आणि भावंडांची जबाबदारी असते. त्याला खासगी रुग्णालय जवळचे वाटले, तर दोष कोणाला द्यायचा?

नेमणूक झाली म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. 'एम्स'मधील भेदभावाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत आणि वसतिगृहात येणारे अनुभव नोंदविले. मे २०१९ मध्ये नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप ज्येष्ठ सहकाऱ्यांवर झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयीन निष्कर्ष काहीही निघो, आपले ऐकून घेणारे वरिष्ठांत कोणीतरी आहे, असे कनिष्ठ डॉक्टरांना वाटते का, हा प्रश्न त्या घटनेने प्रत्येक विभागापुढे ठेवला.

मुंबईला या प्रश्नाचा एक जुना धडा ठाऊक आहे. स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास धजत नसत, म्हणून १८८३ मध्ये शहरातील दात्यांनी निधी उभारला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले आणि १८८६ मध्ये स्त्री डॉक्टरांनी चालवायचे कामा रुग्णालय सुरू झाले. त्याची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. एडिथ पीची १८८८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर गेल्या. दार उघडणे, जबाबदारीचे पद देणे आणि निर्णयाच्या टेबलावर बसविणे या तिन्ही पायऱ्या तेव्हा पाच वर्षांत गाठल्या गेल्या.

त्याच कामा आणि गोकुळदास तेजपाल रुग्णालयांच्या आधारे २०२४ मध्ये नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथलाही झाले. राज्यात त्या वर्षी अशी दहा महाविद्यालये उघडली. नव्या संस्थेत पायंडे पडायचे असतात, म्हणून हीच वेळ मोलाची. प्रत्येक महाविद्यालयाने विभागनिहाय व पदनिहाय सामाजिक आणि स्त्री-पुरुष प्रमाण दरवर्षी जाहीर करावे, कायम भरती वेळापत्रकानुसार व्हावी, निवड समितीत वंचित घटकांचा प्रतिनिधी नुसता सहीपुरता नसावा आणि तक्रारींची चौकशी विभागाबाहेरच्यांकडे असावी. यातील एकाही गोष्टीने गुणवत्तेला बाध येत नाही.

जुलै २०२५ मध्ये मीरा-भाईंदर भाषेच्या वादाने गाजले. रुग्णालयात मात्र भाषा हा अस्मितेपेक्षा उपचाराचा प्रश्न असतो. पोटात नेमके काय होते, हे सांगताना पाड्यावरची बाई अडखळते, तेव्हा तिचे बोलणे कळणारा शिक्षक जवळ असेल, तर शेजारी उभा विद्यार्थीही ते ऐकायला शिकतो. विभागातील विविधतेचा हिशेब अखेर तेथेच होतो.