तारेचें आयुर्मान

गेल्या महिन्यांत आमच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळाली. बटन धाकट्या सूनबाईनें दाबलें होतें, म्हणून दोषहि मीं तिलाच दिला. पुढें वाइंडिंगवाल्यानें मोटर उघडली व काळी पडलेली तार दाखवून विचारलें, "मास्तर, हिच्यावर पोतें कोण गुंडाळीत असे?" पावसापासून रक्षण व्हावें म्हणून चार वर्षें तें मीच गुंडाळीत होतों!

वाचकहो, मोटरींतील तांब्याच्या तारेवर विद्युत्प्रवाह अडविणारा अति पातळ लेप असतो. तो एका क्षणीं जळालेला दिसला, तरी त्याची जीर्णावस्था फार पूर्वींच सुरू झालेली असते. अमेरिकेंत माँट्सिंजर यांनीं १९३० सालीं रोहित्रांच्या विरोधक आवरणाविषयीं सांगितलें कीं, उष्णतामान सुमारें ८ अंश सेल्सिअसनें वाढलें कीं आयुष्य निम्में होतें. १९४८ सालीं डाकिन यांनीं दाखविलें कीं, हें जीर्ण होणें ही रासायनिक क्रिया असून तिचा वेग उष्णतेबरोबर वाढतो.

या तत्त्वावरच तारेची परीक्षा घेतात. लेप दिलेल्या दोन तारांना एकत्र पीळ देऊन असे अनेक नमुने निदान तीन वेगवेगळ्या उष्णतामानांच्या भट्ट्यांत ठेवतात. ठराविक काळानें बाहेर काढून त्यांवर नियत व्होल्टेज लावतात. जे टिकतात ते पुन्हां भट्टींत जातात. अधिक उष्णतेंत ते लौकर मरतात. त्या काळांवरून आलेखाची सरळ रेषा काढून ती खालच्या उष्णतामानाकडे वाढवितात. जेथें आयुष्य २०,००० तास भरतें, तो त्या तारेचा उष्णतांक. अशा अंकांवरून वर्ग पडतात: 'बी' १३० अंशांचा, 'एफ' १५५ चा, 'एच' १८० चा.

परंतु २०,००० तास म्हणजे अखंड चाललेले अवघे ८३३ दिवस! तेव्हां पाटीवरील अक्षर हें अभयदान नव्हे. मोटर मर्यादेहून थंड राहिली तरच ती वर्षानुवर्षें टिकते. पोत्यानें हवा कोंडून २० अंश वाढले असतील, तर आयुष्याचा फार तर चतुर्थांशच उरला म्हणावयाचा. शेवटचें बटन दाबणारा हात केवळ निमित्तमात्र.

मीं सूनबाईजवळ चूक कबूल केली. ती इतकेंच म्हणाली, "मामंजी, आतां पोतें नको. बाजू मोकळ्या ठेवून वर पत्रा घालूं या." तसा तो घातला आहे.