नाला पोरांनी साफ केला. घाण टाकणाऱ्याचे काय?



हल्ली गावोगावची तरुण मंडळे कचरा उचलायला लागली आहेत. शहराला लागून असलेल्या गावांत तर हा नेमच होऊन बसला आहे. रात्री टेम्पो येतो, नाल्यात, गायरानात नाहीतर बंद पडलेल्या खदानीत माल ओततो आणि उजाडायच्या आत पसार होतो. त्यात हॉटेलचे उष्टे, कोंबड्यांची पिसे, पाडलेल्या घरांचा राडारोडा, प्लॅस्टिक. कधी दवाखान्यातल्या सुयासुद्धा. रविवारी पोरे फावडी-घमेली घेऊन उतरतात, ट्रॉली भरून घाण काढतात. पुढारी येऊन झाडू हातात धरून फोटो काढून घेतात. पंधरा दिवसांत नाला पुन्हा जसाच्या तसा.

या पोरांचे आम्हाला कौतुकच आहे. गाडगेबाबांच्या मुलखात खराटा धरायची लाज कोणाला वाटायचे कारण नाही. पण प्रश्न विचारलाच पाहिजे. घाण कोणाची आणि काढायची कोणी? गावाने आपली घाण आपण काढावी, हे स्वावलंबन. शहराची घाण गावाने फुकटात काढावी, ही वेठबिगारी.

टाकणाऱ्याला हा कचरा स्वस्त पडतो, कारण त्याची किंमत शेतकरी मोजतो. बोंडे फुटायच्या दिवसांत उडालेल्या पिशव्या पऱ्हाटीला अडकतात. त्याचा तुकडा वेचणीत कापसात गेला की व्यापारी बोट दाखवतो आणि भाव पाडतो. प्लॅस्टिकचा धागा रंग धरत नाही, कापडात डाग दिसतो, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण तो धागा आपल्या शेतात पेरला कोणी? उष्ट्याच्या वासाने जनावर पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पोटात साचते, रवंथ मंदावतो आणि पेरणीच्या तोंडावर बैल खाली बसतो. कोरडवाहू गावात नाल्याचे पाणी मुरते तेव्हा काठच्या विहिरींना झरे फुटतात. नाल्यात जे कुजते तेही त्याच वाटेने विहिरीत उतरते.

नुसत्या उचलण्याने काय होते, हे मुंबईने दाखवले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. हजारो हात लागले, जगभर नाव झाले. तरीही उचललेला कचरा वेळेवर हलवला जात नाही आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जातो, म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना काम काही काळ थांबवावे लागले. कचऱ्याचा उगम बंद झाल्याशिवाय किनारा साफ राहत नाही. मग आपल्या नाल्याची काय कथा?

आता दुसरे उदाहरण पाहा. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला पडत होता. अर्ज झाले, आश्वासने झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. शहरात ढीग लागले. महापालिकेने मिटमिट्याकडे गाड्या वळवल्या, तिथे मार्चमध्ये दगडफेक आणि लाठीमार झाला. ती मारहाण कोणालाच शोभणारी नव्हती. पण चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली ती या सगळ्यानंतर. गाव नुसते सोसत होते तोवर शहराला जाग आली नव्हती.

पैसा नाही, हे रडगाणे नगरपालिका गातील. त्याला उत्तर जुने आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या नागरिकांनी उघडी गटारे आणि घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० साली न्यायालयाने बजावले, की पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. ज्या कलमाखाली तो लढा झाला ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले आहे. प्रांतसाहेबांकडे साध्या अर्जाने त्याखाली उपद्रव हटवण्याची मागणी करता येते.

तेव्हा पोरांनी खराटा टाकू नये, पण खराट्याआधी वही उघडावी. कचरा हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, तारीख घालावी. सरपंच, ग्रामसेवक आणि पाच गावकऱ्यांसमोर पंचनामा करावा. कचऱ्यात पावत्या, खोकी, पत्ते सापडतात, ते जपून ठेवावेत. दवाखान्याच्या कचऱ्याला हात लावू नये. त्याच्या पिशव्यांवर बारकोड असावा असा २०१६ चा नियम आहे; असला तर मालक सापडतो, नसला तर तोच पहिला गुन्हा. गाडीचा नंबर टिपावा, पण ड्रायव्हरला मारू नये. तो पोटासाठी आलेला असतो. पाठवणारा दुसराच असतो. मग ग्रामसभेत ठराव करून अर्ज द्यावा आणि उचलण्याच्या मजुरीचे, डिझेलचे बिल नगरपालिकेकडे पाठवावे. बिल लगेच मिळणार नाही. पण फुकटचे काम संपले, एवढे तरी कळेल.

हे करताना आपल्या बांधावरही नजर टाकावी. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या नाल्यात पडलेल्या दिसल्या तर शहराला जाब विचारायचे तोंड राहणार नाही.

आपल्या शेतातले धान्य आणि भाजी शहरात जाते. त्यातले उरलेले ओले वेगळे ठेवून, कुजवून, चाळून द्या. आमच्या हलक्या जमिनीला ते खत हवेच आहे. काचा, सुया आणि पिशव्या कालवलेला ढीग आम्ही घेणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला पंचनामा आणि ठरावाची प्रत सोबत आणावी. एका गावाचा अर्ज फायलीत दबतो. शंभर गावांचे अर्ज एका दिवशी प्रांत कचेरीत पडले, तर ते दाबायला तेवढी मोठी फाईल कचेरीत नाही.