मागणी नव्हती की मैदान नव्हते?

महिला फुटबॉलपटूंना पुरुषांच्या बरोबरीने मोबदला द्या, अशी मागणी पुढे आली की बाजारपेठेचे भाट एक ठरलेला युक्तिवाद करतात. महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत. प्रेक्षक नाहीत म्हणून उत्पन्न नाही. आणि उत्पन्न नाही म्हणून मोबदला नाही! अर्थशास्त्राचा आव आणणारा हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही.

१९२०च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सुमारे ५३,००० लोक महिलांचा सामना पाहण्यास लोटले होते. त्यात खेळलेला ‘डिक, कर लेडीज’ हा संघ प्रेस्टनच्या कारखान्यात युद्धकाळी दारूगोळा तयार करणाऱ्या कामगार स्त्रियांतून उभा राहिला होता. डिसेंबर १९२१मध्ये, हा खेळ स्त्रियांना शोभत नाही असे ठरवून, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. ब्राझीलमध्ये तर १९४१पासून १९७९पर्यंत सरकारी फर्मानानेच स्त्रियांना हा खेळ वर्ज्य होता. ज्यांनी विहिरीला कुलूप ठोकले, त्यांनीच ‘तहान नव्हती’ असा दाखला द्यावा, त्यातला हा प्रकार आहे.

कुलूप निघताच काय घडले? जुलै २०२५मध्ये स्वित्झर्लंडमधील युरोपीय महिला स्पर्धेच्या ३१ सामन्यांना साडेसहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश परदेशांतून आले होते. सर्वांत स्वस्त तिकीट २५ फ्रँकचे होते आणि सामन्याच्या तिकिटातच त्या दिवसाचा सार्वजनिक वाहनांचा प्रवास अंतर्भूत होता. तरीही बक्षिसांची एकूण रक्कम ४ कोटी १० लाख युरो. आदल्या वर्षी पुरुषांच्या स्पर्धेत ती ३३ कोटी १० लाख होती. स्पर्धा तोट्यात गेली, असे कोणी म्हणेल. परंतु पन्नास वर्षे जे भांडवल उभेच राहू दिले नाही, त्याच्या अभावाचा भुर्दंड आजच्या खेळाडूंच्या माथी का?

आता आपल्याच काही मित्रांविषयी. मैत्रिणी-मैत्रिणींनी मिळून परदेशी सामने पाहावयास जाणे ही त्यांना सुखवस्तूंची चैन वाटते. आज ती पुष्कळ अंशी तशी आहे, हे खरेच. पण लग्नकार्य, तीर्थयात्रा वा नवऱ्याची बदली यांखेरीज केवळ स्वतःच्या आनंदासाठी स्त्रीने घराबाहेर पडणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आठ तासांच्या कामाबरोबर आठ तासांची हक्काची फुरसत मागणाऱ्या कामगार चळवळीच्या वारसांनी तरी आनंदाला नाके मुरडू नयेत. काही थोड्यांनाच मिळणारी वस्तू हिणवणे हा समाजवाद नव्हे. ती सर्वांना मिळावी म्हणून झगडणे हा समाजवाद होय.

२०२७ची महिला विश्वचषक स्पर्धा त्याच ब्राझीलमध्ये ठरली आहे. तेथील गर्दीचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु पगारी रजा, स्वस्त सार्वजनिक वाहतूक आणि मुलींसाठी खुली मैदाने या मागण्या आपल्या जाहीरनाम्यात आल्या पाहिजेत. त्या खेळाच्या नव्हेत, हक्काच्या मागण्या आहेत.