इसाराची रक्कम कोणाची?

आठवडी बाजारात बैलजोडीचा सौदा ठरला, की घेणारा खिशातून थोडे पैसे काढून विकणाऱ्याच्या हातावर ठेवतो. ही किंमत नव्हे. किंमत नंतर, बैल दावणीवरून सोडताना द्यायची असते. हातावर ठेवलेली ही रक्कम म्हणजे इसार. ती स्वीकारल्यानंतर विकणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणी करायची नाहीत आणि देणाऱ्यानेही दुसरी जोडी पाहत हिंडायचे नाही, असा त्या व्यवहाराचा साधा अर्थ आहे. कोठे याला विसार म्हणतात, कोठे बयाणा. हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘बयाना’ हा शब्द परिचित असेल. गुजरातेत राहणाऱ्याला ‘बानाखत’. शब्द निरनिराळे असले तरी कल्पना एकच आहे : थोड्या पैशांनी दोन माणसांनी परस्परांना बांधून घेणे.

हीच प्रथा घराच्या आणि जमिनीच्या व्यवहारात आली. मात्र तेथे येताना तिच्यात एक मोठा बदल झाला. बैलाच्या सौद्यात घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे असतात, बैल डोळ्यांपुढे असतो आणि व्यवहार दिवस मावळण्याच्या आत संपतो. घराच्या सौद्यात यांपैकी काहीच नसते. घर दिसते, पण त्यावरचे कर्ज दिसत नाही. घरमालक दिसतो, पण त्याच्या भावाबहिणींचा हक्क दिसत नाही. आणि इसार दिल्यापासून खरेदीखत नोंदवले जाईपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने जातात. एवढा काळ ती रक्कम कोणाच्या हाती राहते, आणि ज्याच्या हाती राहते त्याची ती होते का, हा प्रश्न बहुतेक लोक पैसे अडकल्यानंतरच विचारतात.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेची हकीकत सांगतो. पुण्याच्या एका उपनगरात त्यांना दोन खोल्यांचे जुने घर पसंत पडले. दलाल म्हणाला, “बाई, आणखी दोन गिऱ्हाइके रांगेत आहेत. आज टोकन दिले तर घर तुमचे.” बाईंनी भविष्यनिर्वाह निधीतून मिळालेल्या रकमेपैकी दोन लाख रुपये दलालाच्याच हाती दिले. त्याने दैनंदिनीचे पान फाडून त्यावर ‘दोन लाख मिळाले’ असे लिहून सही केली. कोणाकडून मिळाले, कशासाठी मिळाले, कोणाच्या वतीने घेतले, व्यवहार न झाल्यास केव्हा परत करायचे, यांतील एकही अक्षर त्या पानावर नव्हते.

पुढे वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली तेव्हा घरमालकाच्या बहिणीची हरकत आली. घर वडिलांच्या नावचे होते आणि बहिणीने हक्क सोडलेला नव्हता. व्यवहार थांबला. बाईंनी पैसे मागितले, तर घरमालक म्हणाला, “मला पन्नास हजारच मिळाले.” दलाल म्हणाला, “उरलेले माझ्या दलालीपोटी. मी माझे काम केले. बहिणीने मोडता घातला त्याला मी काय करू?” बाईंना सारी रक्कम कधीच परत मिळाली नाही. जी मिळाली तीही तुकड्यातुकड्यांनी, वर्षभर हेलपाटे घातल्यावर.

या हकीकतीत मला सर्वांत जास्त खटकते ते दलालाचे ‘माझ्या दलालीपोटी’ हे उत्तर. तो चोर नव्हता. निदान स्वतःला तो तसे समजत नव्हता. हातात आलेला पैसा आपला झाला, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आपल्याकडील घरांच्या व्यवहारातील निम्मे दुःख या समजुतीतून निर्माण होते, असे माझे मत आहे.

इसार ही किंमत नाही आणि उत्पन्नही नाही. सौदा पुरा झाला तर ती किमतीत वळती होते. सौदा विकणाऱ्याच्या दोषाने मोडला तर ती देणाऱ्याकडे परत जाते. या दोहोंपैकी काय होणार हे ठरेपर्यंत ती कोणाच्याच मालकीची मानता येत नाही. ती ठेव आहे. जुन्या काळी यात्रेला निघालेला माणूस शेजाऱ्याकडे दागिन्यांची पेटी ठेवून जाई. शेजाऱ्याने त्या दागिन्यांवर कर्ज काढले आणि वेळेत फेडलेही, तरी गावाने त्याला भला माणूस म्हटले नसते.

कायद्याची भूमिका यापेक्षा फार निराळी नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार केवळ विक्रीच्या करारामुळे घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. त्याच अधिनियमात असेही म्हटले आहे, की विकणाऱ्याने मालकीहक्कातील ठाऊक असलेला आणि सहज न कळणारा दोष आधी सांगितला पाहिजे. तसेच घेणाऱ्याने योग्य कारणाशिवाय ताबा नाकारला नसेल, तर त्याने आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो. बहीण वारस आहे हे घरमालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. बाईंना आपला हक्क मात्र ठाऊक नव्हता, आणि दैनंदिनीच्या पानावर तो सिद्ध करणेही सोपे नव्हते.

आता विकणाऱ्याची बाजू. ती दुबळी आहे असे मी म्हणणार नाही. घेणारा इसार देतो, तीन महिने घर अडवून ठेवतो आणि मग ‘कर्ज मंजूर झाले नाही’ किंवा ‘पत्नीला पसंत नाही’ असे सांगून मोकळा होतो, असेही पुष्कळदा घडते. दरम्यान विकणाऱ्याची दुसरी गिऱ्हाइके निघून गेलेली असतात. अशा वेळी इसार जप्त करण्यात अन्याय नाही. तो त्यासाठीच घेतलेला असतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. दिल्लीतील एका बंगल्याच्या खटल्यात किंमत १,१२,५०० रुपये ठरली होती. घेणाऱ्याने १,००० रुपये इसार म्हणून आणि पुढे २४,००० रुपये किमतीपोटी दिले होते, आणि चूक झाल्यास सारे २५,००० रुपये जप्त होतील असे करारात लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली १,००० रुपयांचा इसार ठेवून घेऊ दिला. उरलेली रक्कम केवळ करारात लिहिले आहे म्हणून गिळता येणार नाही, असा निर्णय दिला.

पुढे २०१५ साली त्याच न्यायालयापुढे आलेले प्रकरण तर अधिक बोलके आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावात एक भूखंड ३ कोटी १२ लाखांना देऊ केला होता आणि इसाराचे ७८ लाख रुपये जप्त केले होते. तोच भूखंड नंतर ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. खरेदीदाराने करार मोडलेला नव्हता आणि प्राधिकरणाचे काही नुकसानही झाले नव्हते; मग भरपाई कशाची, असा न्यायालयाचा सरळ प्रश्न होता. जप्ती रद्द झाली. ‘टोकन परत मिळणार नाही’ ही ओळ छापून ठेवणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

विकणारा आणि घेणारा यांच्यात निदान समान स्वार्थाचा तोल असतो. दलालाचे तसे नसते. त्याला दलाली मिळते ती सौदा घडला तर. म्हणून सौदा घडावा हा त्याचा स्वार्थ आणि सौदा निर्दोष असावा हे त्याचे कर्तव्य, या दोहोंत नेहमीच ओढाताण असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रतिनिधीवर हिशेब देण्याचे आणि मालकाच्या वतीने मिळालेला पैसा त्याच्याकडे पोचवण्याचे बंधन घालतो. फौजदारी कायदा तर विश्वासघाताच्या कलमात ‘दलाल’ हा शब्द वेगळा उच्चारतो आणि त्याला साध्या माणसापेक्षा कडक शिक्षा सांगतो. पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेत ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. ज्याच्या धंद्याचे भांडवलच दुसऱ्याचा विश्वास आहे, त्याने तो मोडला तर गुन्हा मोठा, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. इंग्लंडमध्ये तर १९७९ च्या कायद्यानुसार घरांच्या दलालाने गिऱ्हाइकाची रक्कम विश्वस्ताच्या नात्याने सांभाळावी लागते.

आपल्याकडे विश्वस्ताची ही कल्पना नव्हती असे नाही. महाराष्ट्राने १९६३ साली सदनिकांविषयी जो कायदा केला, त्यात बांधकाम व्यावसायिकाने आगाऊ घेतलेल्या रकमांचे वेगळे खाते ठेवावे आणि त्या रकमांचा तो विश्वस्त असेल, असे स्पष्ट म्हटले होते. वाचायला किती सुंदर! पण त्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते. एका इमारतीचा पैसा दुसऱ्या जमिनीत गुंतत राहिला आणि घरे घेणारे अर्धवट सांगाड्यांखाली उभे राहिले. २०१६ चा स्थावर संपदा कायदा त्यानंतर आला. त्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. आणि अशा प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालालाही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून त्याला परीक्षाही द्यावी लागते.

हे सारे स्वागतार्ह आहे. पण बाईंच्या घराला ते लागू नव्हते. ते घर बिल्डरचे नव्हते, एका माणसाने दुसऱ्याला विकायचे जुने घर होते. अशा व्यवहारातील दलालावर या कायद्याची नजर नाही. शहरांतील कितीतरी व्यवहार याच स्वरूपाचे असतात, आणि साधारण उत्पन्नाचा माणूस बहुधा जुनेच घर घेतो. ज्याला आधाराची गरज अधिक, तोच उघड्यावर राहिला आहे. जुन्या घरांचे व्यवहार करणाऱ्या दलालांनाही नोंदणी आणि वेगळे खाते सक्तीचे करावे, असे माझे मत आहे. तसे होईपर्यंत दलालाने इसाराला हातच लावू नये. धनादेश घरमालकाच्या नावाने लिहिला जावा, दलाल साक्षीदार म्हणून सही करील, एवढेच. यात त्याचा अपमान नाही. उलट पुढे वाद झाला तर तोच सर्वांत निर्धास्त राहील.

घेणाऱ्यांनाही थोडे ऐकून घ्यावे लागेल. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून किमतीचा काही भाग रोख देण्याची तयारी आपणच दाखवतो आणि मग पावती नाही म्हणून रडतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्यानुसार मनाई आहे. ‘आज दिले नाहीत तर घर जाईल’ या वाक्याला घाबरणेही आपण सोडायला हवे. मालकीची कागदपत्रे पाहण्यापुरते आठ-पंधरा दिवस न थांबणारे घर गेले, तर जाऊ द्यावे.

बाईंनी पुढे दुसरे घर घेतले. इसार पंचवीस हजारांचा, धनादेशाने, थेट मालकिणीच्या नावे. पावतीवर घराचा पत्ता, ठरलेली किंमत, साठेखताची तारीख आणि ‘मालकीहक्कात दोष आढळल्यास पंधरा दिवसांत संपूर्ण रक्कम परत’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. नवा दलाल जरा दुखावला. “बाई, एवढा अविश्वास?” असे म्हणाला. बाईंनी त्याच्यासाठी चहा टाकला आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन त्याच्या हाती दिले. त्याची दलाली त्यांनी खरेदीखत नोंदवले त्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून, धनादेशाने चुकती केली.