परदेशातील पायवाटा

हळदीचा, कापसाचा, किराण्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या हिंगोली-वसमतकडील घरांतील मुले-मुली आता लंडन, बोस्टन, मेलबर्न येथे शिकावयास जाऊ लागली आहेत. प्रवेश, शुल्क, राहण्याची सोय, कंदमुळाविना मिळणारे जेवण, या साऱ्यांची चौकशी घरची मंडळी बारकाईने करतात. मात्र महिना-दोन महिन्यांनी लेक फोनवर सांगते, "मी रोज कालव्याकाठी धावते," तेव्हा आईच्या पोटात गोळा येतो आणि वडील विचारतात, "अभ्यासाला गेलीस ना? मग हे कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही तितक्याच गांभीर्याने शोधावयास हवे.

परक्या शहराची ओळख पायांनी करून घेण्याची रीत नवी नाही. मोहनदास गांधी 1888 साली विलायतेस निघाले, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनीच त्यांना मद्य, मांस व परस्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली होती. ती पाळण्यासाठी शाकाहारी भोजनगृहाच्या शोधात ते लंडनमध्ये रोज मैलोन्‌मैल हिंडले आणि अशाच भटकंतीत फॅरिंग्डन स्ट्रीटवरील भोजनगृह त्यांना सापडले. पुढे गाडीभाडे वाचावे म्हणून त्यांनी पायी जाता येईल अशा ठिकाणी बिऱ्हाड केले. विलायतेत आपली प्रकृती चांगली राहिली, याचे श्रेय त्यांनी आत्मकथेत या रोजच्या चालण्यास दिले आहे. व्रत, काटकसर आणि आरोग्य अशी तिन्ही साधली ती पायी चालण्यामुळे.

आजच्या विद्यार्थ्यांना तर वाटा तयारच आहेत. लंडनचा रीजंट्स कालवा 1820 साली पूर्ण झाला. पॅडिंग्टनजवळून लाइमहाउसपर्यंत सुमारे 14 किलोमीटर जाणारा हा कालवा मालवाहतुकीसाठी खोदला गेला. काठाच्या वाटेने घोडा चाले आणि कोळशा-लाकडाने भरलेली नाव दोराने ओढून नेई. व्यापाराची ती वाट आज चालणाऱ्या-धावणाऱ्यांची झाली आहे. माइल एंड येथील क्वीन मेरी विद्यापीठ तर या कालव्याच्या अगदी काठावर आहे. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या दोन्ही तीरांवर विद्यापीठे वसली असून काठाच्या वाटेस पॉल डडली व्हाइट या हृदयरोगतज्ज्ञांचे नाव दिले आहे. मेलबर्नमध्ये वनस्पती उद्यानाभोवतीची 'टॅन' नावाची फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरची आहे. एकटे धावणे नको वाटत असेल, तर 'पार्करन' आहे. 2 ऑक्टोबर 2004 रोजी, म्हणजे योगायोगाने गांधी जयंतीस, लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंनी हा उपक्रम सुरू केला. इंग्लंडमध्ये अनेक उद्यानांत दर शनिवारी सकाळी 5 किलोमीटरची ही धाव होते. तिला शुल्क नाही आणि चालत गेले तरी चालते. परगावी एकाकी पडलेल्या मुलास चार ओळखीचे चेहरे मिळण्यास ही जागा वाईट नाही.

राहिला प्रश्न सुरक्षिततेचा आणि आचाराचा. येथे आपले संस्कारच मार्ग दाखवितात. साधु-साध्वींच्या ईर्यासमितीत समोरची चार हात भूमी पाहून, दिवसाच्या उजेडात पाऊल टाकण्याची शिकवण आहे. श्रावकाला ती त्या कठोरतेने लागू नसली, तरी तिचे मर्म धावणाऱ्यानेही घ्यावे. पावसानंतर अशा वाटांवर गोगलगायी व कृमी येतात. तेव्हा गवत सोडून मोकळ्या, फरसबंद वाटेने सावकाश जावे. अंधारात धावू नये. दोन्ही कानांत गाणी लावू नयेत, कारण जो भोवतालचे ऐकतो तोच सावध राहतो. जीवरक्षेसाठी पाळावयाचे हे नियम धावणाऱ्या मुलीचेही रक्षण करतात.

दिवसाचा हिशेब मात्र तेथे वेगळा मांडावा लागतो. हिंगोलीत डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. लंडनमध्ये चारच्या आधीच. जूनमध्ये आपल्याकडे सात वाजता, तर तेथे सव्वानऊनंतर. म्हणून हिवाळ्यात दोन तासिकांमधील दुपारची वेळ धावण्यास ठेवावी आणि चौविहार पाळणाऱ्याने सायंकाळचे जेवण डब्यात सोबत न्यावे. उन्हाळ्यात सूर्योदयानंतर अर्धा तास धावून परतले की नवकारसीच्या 48 मिनिटांचा काळही सहज पूर्ण होतो.

आईवडिलांनी मनाई करण्याऐवजी वाट विचारून घ्यावी: कोठून कोठे, किती वाजता, सोबत कोण. सुरुवातीस दहा-पंधरा मिनिटे पुरेत. शरीर सवयीचे झाले की अंतर आपोआप वाढते. परीक्षेच्या काळात हा नेम मोडू देऊ नये. मन थकते ते तेव्हाच. जोडे घेताना ते चामड्याचे नाहीत, याची खात्री करून घ्यावी. कापडी व कृत्रिम धाग्याचे चांगले जोडे सर्वत्र मिळतात. आणि त्या जोड्यांची किंमत खातेवहीत चैनीच्या नव्हे, शिक्षणाच्या खात्यावर मांडावी.